बाहेर बरी, आत आजारी

माझा स्वभाव संशयी आहे, हे सासरी पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कळलं होतं. दूधवाल्यासमोर मी दुधात बोट बुडवून बघायची, भाजीवालीचा तराजू उलटा करून खाली काही चिकटवलंय का ते पाहायची, आणि पाहुणे 'सहज आलो' म्हणाले की हे नक्की काय मागायला आले असतील याचा विचार करत चहा टाकायची. सासूबाई म्हणायच्या, "हिला देवानं प्रसाद दिला तरी ही वास घेऊन खाईल." खोटं नव्हतं ते. पण याच स्वभावाचं कुणी कौतुक करेल आणि वर त्याचं प्रमाणपत्र देईल, असं तेव्हा सांगितलं असतं तर त्यावरही मी संशयच घेतला असता.

मी मूळची कंधारची, लग्न होऊन नांदेडला आले. तिथल्या एका खासगी दवाखान्यात पुष्कळ वर्षं स्टाफ नर्स होते. डॉक्टरांनी लिहायचं आणि आम्ही द्यायचं, अशी ती नोकरी. हात आपला, डोकं डॉक्टरांचं. कधी एखाद्या पेशंटकडे बघून आतून वाटायचं की हे काहीतरी वेगळंच दिसतंय, पण विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला शंका फार येतात." तेव्हापासून मी माझ्या शंका घरी घेऊन जाऊ लागले.

मग नर्सांसाठी सहा महिन्यांचं नवं सरकारी प्रशिक्षण निघालं. ते पूर्ण केलं की 'समुदाय आरोग्य अधिकारी' म्हणून गावातल्या उपकेंद्रात नेमणूक. माझ्या मैत्रिणीची मुलगी परदेशात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं शिकते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "मावशी, हे तर आमचंच!" तिचं शिक्षण मोठं, आमचं आटोपशीर, पण काम त्याच जातीचं. नर्सनं स्वतः तपासायचं, साध्या आजारांवर ठरलेली औषधं स्वतः द्यायची, बीपी-शुगरवाल्यांवर लक्ष ठेवायचं, बाळ-बाळंतीण बघायची. आणि कोण आपल्या आवाक्याबाहेरचं आहे ते ओळखून वेळेत वर पाठवायचं. डॉक्टर शेजारी नसतो. फोनवर असतो, रेंज असली तर.

आमचे हे शाळामास्तर. त्यांनी जाहिरात तीनदा वाचली आणि म्हणाले, "अधिकारी म्हणतात आणि कंत्राटावर घेतात. यात काहीतरी गोम आहे." आमचं लग्न ठरवताना पत्रिका कशाला बघितल्या, कोण जाणे! स्वभाव बघितला असता तरी छत्तीस गुण जुळले असते. गोम असेल तर आत जाऊनच कळेल, असं म्हणून मी अर्ज केला आणि लातूरला दाखल झाले.

पहिल्याच तासाला देशमाने सरांनी प्रश्न टाकला. "एका माणसाच्या पोटात दुखतंय. काय द्याल?" आम्ही सगळ्या अनुभवी नर्सा. कुणी ही गोळी सांगितली, कुणी ते इंजेक्शन. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुठं दुखतंय ते एकीनंही विचारलं नाही. तुम्ही सगळ्या आज्ञाधारक आहात, आणि हे काम आज्ञाधारक माणसाचं नाही. संशय घ्यायला शिका. माणसावर नको, त्याच्या पहिल्या उत्तरावर घ्या. पेशंट खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो." वर्गातल्या बाकीच्या खाली माना घालून लिहीत होत्या. मी मात्र इतकी खूष झाले की लिहायचंच विसरले. माझ्या दुर्गुणाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विषयाचा दर्जा दिला होता.

वर्ग लातूरला आणि प्रत्यक्ष काम औसा तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत, कारण ती तिथंच राहतात आणि दिवाळी अंक तिथंही पोचतात. संशयाच्या बाबतीत ते गाव मला भारी भेटलं. पहिल्या दिवशी दगडूमामा नावाचे एक म्हातारबा आले आणि बाकावर बसून राहिले.

"डाक्टर कधी येनार?"

"मामा, मीच तपासणार आहे."

"तुमी हाव ते दिसून राहिलंय. डाक्टर कधी येनार?"

शेवटी उपकार केल्यासारखा हात पुढे केला. मी बीपी मोजलं, आकडा सांगितला. मामा तसेच उठले, बसनं औशाला गेले, तिथं दुसरीकडे बीपी मोजून घेतलं आणि दुपारच्या गाडीनं परत आले. दारातूनच म्हणाले, "जमतंय तुमचं. तिथं बी तेवढाच निगाला." मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही औशाला गेले असते.

दुसरी एक बाई. शुगरची गोळी नेमानं घेते म्हणायची, आणि शुगर काही उतरायची नाही. सरांचा धडा आठवून मी पहिल्या उत्तरावर थांबले नाही, खोदत राहिले. तर ती रोज गोळीचे दोन तुकडे करत होती. एक स्वतः घ्यायची, एक नवऱ्याला द्यायची. नवऱ्याला शुगर नव्हतीच. "मी एकलीच कशी खाऊ वो? बरं दिसतंय का ते?" असं तिचं म्हणणं. असलं प्रेम कुठल्या पुस्तकात येतं? त्या दोघांना समोरासमोर बसवून समजावताना माझी हसून पुरेवाट झाली.

पण हे वरवरचे किस्से. ज्या एका घरानं मला हे काम खरोखर शिकवलं, ते गावातल्या किराणा दुकानदार विश्वनाथअप्पांचं.

मार्गशीर्षातली थंडी होती. अप्पांची मुलगी शिवकन्या बाळंत होऊन तालुक्याच्या दवाखान्यातून माहेरी आली होती. बाळ-बाळंतिणीला घरी जाऊन बघायचं काम आमच्याकडे असतं. माझ्याबरोबर लता होती. ती गावातली आशा, म्हणजे आरोग्य खात्याच्या वतीनं घरोघर फिरणारी गावचीच बाई. अप्पांचं घर दिसू लागलं तशी लता हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तितं जास्त इचारत बसू नका. त्या घरावर करणी हाय म्हंतेत."

मी तिथंच थांबले. "सगळं सांग. अर्धं नको."

लतानं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणालाही शिवकन्या याच घरात आली होती. बाळ चांगलं होतं. अप्पांची सून सुरेखा, म्हणजे शिवकन्येची वहिनी, तिला बरीच वर्षं मूलबाळ नाही. तिनं एका संध्याकाळी बाळाला मांडीवर घेतलं, पापे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ झोपेतच गेलेलं आढळलं. का गेलं, ते कुणी तपासलं नाही. गावानं दोन आणि दोन चार केले आणि आळ सुरेखावर आला. तेव्हापासून ती आणि तिचा नवरा शेतातल्या पत्र्याच्या खोलीत राहतात. गावात आली तर बायका लेकरांवर पदर घेतात.

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

लता इकडंतिकडं बघत म्हणाली, "मला काय वाटनार वो? माजं लेकरू बी मी झाकतेच की."

अप्पांचं घर नवं होतं. भूकंपानंतर त्या भागात जुन्या, लाकूड-मातीच्या छपरांच्या माळवदांवर कुणाचा भरवसा राहिला नाही. पैसा हाती आला की लोक आधी स्लॅब टाकतात. अप्पांनीही टाकला होता. चकचकीत फरशी, सरकत्या काचांच्या खिडक्या. आतल्या खोलीच्या दाराला मात्र कडुनिंबाचा डहाळा आणि लिंबू-मिरची. आत बाहेरच्या माणसाला बंदी. अप्पांच्या पत्नी महानंदाबाई लेकीला आणि बाळाला घेऊन बैठकीत आल्या. कपाळावर भस्म, आणि त्यावरून डोक्याला आवळून बांधलेलं फडकं. माझ्याकडे त्यांनी नखशिखांत बघितलं. अशी नजर मी फक्त आरशात बघितली आहे.

शिवकन्या भिंतीला धरून आली. डोकं ठणकतंय, चक्कर येते, मळमळतं, एवढंच बोलली. बाळ सुस्त. माझ्या डोक्यात एकेक संशय उभा राहू लागला. बाळंतपणानंतर बीपी चढतं, त्यानं डोकं दुखतं. मोजलं, ठीक होतं. ताप नाही, रक्तस्राव बेताचा, रक्तही बरं. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र लावलं तर त्यानं असा झकास आकडा दाखवला की मलाच तिचा हेवा वाटला. मग मी विचारलं, "हिला काय काय पाजता? काढे, चूर्णं, कुणी दिलेलं काही?"

महानंदाबाई फणकारल्या. "माय हाव मी तिची. इख पाजून राहिले का?"

एवढी बोलाचाली होईपर्यंत बराच वेळ गेला. आणि बघते तर बाळानं डोळे उघडले, रडलं, दूध ओढायला लागलं. शिवकन्येच्या तोंडावरही जरा तरतरी आली. महानंदाबाईंचा सूर बदलला. "तुमच्या हाताला गुन हाय वो मॅडम. हात लावला की बरं वाटून राहिलं लेकराला."

स्तुती झाली की मला हमखास संशय येतो. पुष्कळ वर्षं नर्स होते, माझ्या हाताला कधी गुण आला नाही, आजच कसा आला? तरी काढे बंद ठेवायला सांगून मी निघाले. पुढच्या भेटीला काढे बंद होते, दुखणं तसंच होतं, बाळाचं वजन वाढायचं सोडून थोडं उतरलं होतं. आणि बैठकीत जरा वेळ बसल्यावर पुन्हा तोच प्रकार. मायलेकरं दोघंही हुशारली.

मी देशमाने सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी बाळाचं वजन पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "बाहेर बरी, आत आजारी. आत काय आहे ते बघितलंस?"

"आत जाऊ देत नाहीत, सर. करणीची भीती आहे."

"मग तू अजून अर्धाच पेशंट बघितलास. आत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत जायचं ठरवून मी उपकेंद्रात आले, तोच लता धावत आली. शिवकन्येला उलट्या सुरू झाल्या होत्या, उठताही येत नव्हतं, आणि बाळ दूध ओढत नव्हतं. घरच्यांनी गाडी बोलवायची सोडून शेजारच्या गावच्या जाणत्याला, म्हणजे करणी उतरवणाऱ्या माणसाला, निरोप धाडला होता.

आम्ही पोचलो तर महानंदाबाई खोलीच्या दारात आडव्या उभ्या.

"आत कुनी जायाचं न्हाई. जानता येऊन राहिलाय. तेनं बगितल्यावर मग तुमी बगा."

"बाई, बाळ दूध ओढत नाही. वाट बघायला वेळ नाही."

"सुरेखाकडं गेल्ता का तुमी?"

"नाही."

"शप्पत घ्या."

घेतली. पाय धुवायला लावले, धुतले. कपाळाला भस्म लावलं, लावून घेतलं. डोक्यावरून कडुनिंबाचा डहाळा फिरवला, तोही फिरवू दिला. मला त्या क्षणी त्यांनी फुगडी घालायला सांगितली असती तरी मी घातली असती. मग त्या बाजूला झाल्या.

आत पाऊल टाकलं आणि उबेचा लोळच अंगावर आला. दोन्ही सरकत्या खिडक्या बंद, वर त्यांच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासलेल्या. माझ्यामागं दार लावून महानंदाबाईंनी त्याखालच्या फटीला पोतं सारलं. बाजेवर शिवकन्या, कुशीत बाळ, आणि बाजेखाली शेगडी. कोळसे छान फुललेले, लालभडक. धूर म्हणाल तर औषधालाही नाही. बाळंतिणीला शेक द्यायची आपल्याकडची जुनी रीत आहे, माझ्याही आईनं मला दिलाय. पण तो दिला माळवदाच्या घरात, जिथं छताला उजेडासाठी भोक असायचं आणि दाराच्या फळ्यांतून बोट जायचं.

मी बीपी मोजायला बसले. मोजून होईतो माझीच कानशिलं उडायला लागली. वर बघितलं तर महानंदाबाई डोक्याचं फडकं पुन्हा आवळत होत्या.

"तुमचं डोकं कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"जागरनं हायती वो. ही घरी आल्यापास्नं दुखतंयच."

एकाच खोलीत तीन माणसं आणि तिघांचं दुखणं एक. बंद जागेत कोळसा जळला की एक वायू होतो, त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसला असता तर कुणीतरी खिडकी उघडली असती. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असतं, पण नाकासमोर आल्यावर ओळखायला स्वतःचं डोकं दुखावं लागलं. मी खिडकी सरकवायला गेले. चिंध्या हलेनात. महानंदाबाईंनी माझं मनगट धरलं. "वारं लागंल! काय करून राहिलाव?"

समजावत बसले असते तर सकाळ तिथंच गेली असती. मी बाळ उचललं, दुपट्यात गुंडाळलं, पायानं पोतं सारून दार उघडलं आणि सरळ अंगणात चालत गेले. बाळ बाहेर नेलेलं बघताच शिवकन्या उठली, उंबऱ्यात कोलमडली, लतानं तिला धरून बाहेर आणलं. तिच्यामागं महानंदाबाई छाती बडवत आल्या. "माज्या लेकराला उगड्यावर नेलं वो! वारं लागून मरंल माजं लेकरू!" शेजारपाजार गोळा झाला.

उन्हात दगडावर बसून मी बाळाच्या तळपायावर टिचक्या मारत होते. ते कसं होतं म्हणून सांगू? ओल्या कपड्यासारखं हातावर पडलं होतं. मी एका हातानं १०८ ला फोन लावला आणि मनात म्हणत होते, बाई, आजपर्यंत तू दूधवाल्यावर संशय घेतलास, तो चुकला तर फार तर दूधवाला रुसला. हा चुकला तर? अंगणातल्या थंडीनं या बाळाला काही झालं तर आणखी एक आळ तयार होता, आणि या खेपेला तो माझ्यावर होता. मला भीती वाटली. इतकी भीती मला नोकरीत कधी वाटली नव्हती, कारण तोपर्यंत डोकं नेहमी दुसऱ्याचं होतं.

बऱ्याच वेळानं बाळानं तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज काढला.

गाडी आली, पण अप्पा चढू देईनात. बारा दिवस झाल्याशिवाय बाळंतीण वेशीबाहेर कशी न्यायची? जाणता वाटेत आहे, त्याला काय सांगायचं? लता माझ्या कानाला लागली. "मॅडम, खोलीवर करनी हाय म्हना. खोली सोडा, गाव सोडा म्हना. आत्ता बसतील गाडीत."

खरं सांगते, वाक्य ओठावर आलं होतं. लगेच काम झालं असतं. पण करणी म्हटली की करणारी आली, आणि ती कोण हे गावानं आधीच ठरवून ठेवलं होतं. शेतातल्या त्या बाईला मी अजून बघितलंही नव्हतं. तिच्या जिवावर गाडी हलवायला माझी जीभ रेटेना. एक शेवटचा प्रयत्न करावा म्हणून मी महानंदाबाईंकडे वळले.

"आत्ता डोकं दुखतंय का तुमचं?"

त्या रडत होत्या, थांबल्या. फडक्याला हात लावून बघितला. "…जरा उतरलंय."

"अंगणात आल्यावर उतरलं. शेगडीचा वायू आहे बाई. खोली बंद, त्याला जायला वाट नाही. तो दिसत नाही, पण माणसाला गुंगवतो, मारतो."

महानंदाबाईंना पटलं नाही, ते तोंडावर दिसतच होतं. बोलले ते अप्पा. "दुकानाला माल आननारा एक ट्रकवाला," ते सावकाश म्हणाले, "थंडीचा केबिनीत निखाऱ्याचं घमेलं घेऊन झोपला व्हता. काचा लावून. सकाळी उटलाच न्हाई." त्यांनी बाळाकडं बघितलं, मग घराच्या त्या नव्याकोऱ्या खिडक्यांकडं बघितलं. "बसवा गाडीत. आमी बी येतो."

लातूरला दोघांना ऑक्सिजन लावला. रक्ताच्या तपासणीत वायू निघाला. देशमाने सर तिथंच होते. माझ्या बोटाच्या यंत्रानं मला का फसवलं, तेही त्यांनी सांगितलं. रक्तात ऑक्सिजन बसलाय की हा विषारी वायू, हे त्या साध्या यंत्राला ओळखताच येत नाही. दोन्ही त्याला सारखेच दिसतात. मी तेव्हापासून त्या यंत्राकडेही वाकड्या नजरेनंच बघते.

मायलेकरं वाचली. बाळ चांगलं दूध प्यायला लागलं त्या दिवशी महानंदाबाई मला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "मॅडम, मंग पयलं लेकरू बी ह्यानंच गेलं का?"

"सांगता येत नाही बाई. तेव्हा कुणी तपासलं नाही. शेगडी होती का?"

"व्हती. तेव्हा बी थंडीच व्हती. नवंच घर." मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "माजी चार बाळतपनं शेगडीवर झाली वो. सासूची झाली. कुनाला काय झालं न्हाई."

मी त्यांना जुन्या माळवदाच्या भोकाचं सांगितलं. चूक रितीची नव्हती, चूक स्लॅबचीही नव्हती, दोन्ही एका खोलीत आली तिथं घात झाला. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या हाताच्या तळव्यांकडं बघत बसल्या होत्या. मला त्यांची फार कीव आली. मायेनं, जागरणं काढून, फुंकर घालघालून ज्या बाईनं कोळसे फुलवले, तिला मी काय औषध देणार होते?

निघताना अप्पांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, घरातली गोष्ट घरातच राहू द्या. गावात न्युमोनिया झाल्ता म्हनून सांगतो."

मला हो म्हणावं लागलं. पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे आमच्या कामात सगळ्यात आधी शिकवतात. ते बरोबरच आहे. पण त्या 'हो'नं माझी झोप उडाली. न्युमोनिया करणीनंच झाला आणि जाणत्याला बोलावल्यामुळं बाळ वाचलं, असं गाव म्हणणार. म्हणजे करणी होती, हे पक्कं होणार. सुरेखा तिथंच, पत्र्याच्या खोलीत.

नाव न घेता शेगडीबद्दल बोलायला मात्र कुणाची बंदी नव्हती. मी लसीकरणाच्या दिवसाची वाट बघितली. त्या दिवशी उपकेंद्राच्या पडवीत लेकुरवाळ्या बायका जमतात. लताला म्हटलं, "सुरेखाबाईंना बीपी तपासायला बोलाव. आजच." लतानं माझ्याकडे संशयानं बघितलं. माझ्या हाताखाली ती बरीच तयार झाली होती.

सुरेखा आली. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. काटकुळी, मान खाली. ती पडवीच्या टोकाला उभी राहिली आणि सगळ्या बायकांचे पदर एकदम लेकरांवर गेले. शिवकन्या बाळ घेऊन आली होती, शेजारी महानंदाबाई. त्यांनीही सुरेखाला बघितलं.

मी शेगडीचं सांगायला सुरुवात केली. धूर नसला तरी वायू असतो, खिडकी-दार किलकिलं ठेवा, आणि शेक द्यायचाच तर कापड गरम करून द्या, पण निखारे खोलीत ठेवू नका. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या आज्ज्या काय मेल्या का मंग शेगडीनं?" मी माळवदाचं भोक सांगितलं, स्लॅब सांगितला, काचा सांगितल्या. बायका ऐकत होत्या, पण कान देऊन नव्हे. बोलायचं काम आहे तिचं, बोलू द्या, असं सगळ्यांच्या तोंडावर. माझा धीर सुटत चालला होता.

तेवढ्यात महानंदाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू.

"मॅडम नाव घेऊन न्हाई राहिल्या. मी घेते," त्या म्हणाल्या. "न्युमोनिया नव्हता झाल्ता. माजी शेगडी व्हती. दोन्ही टायमाला शेगडी मीच पेटवली. दोन्ही टायमाला खिडकीत चिंद्या मीच कोंबल्या. सुरेखानं काय बी केलं न्हाई. तिनं नुसता पापा घेतल्ता."

शिवकन्या आईकडं बघत राहिली. हे तीही पहिल्यांदाच ऐकत असावी. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. महानंदाबाईंनी तिच्या मांडीवरचं बाळ उचललं, बायकांमधून वाट काढत टोकाला गेल्या आणि ते सुरेखापुढं धरलं.

सुरेखानं हात पुढं केले नाहीत. पदराखाली घट्ट दाबून धरले होते.

"दोन वर्सं कुनी लेकरू दिलं न्हाई मला," ती म्हणाली. "हात लई थरथरून राहिलेत, अत्याबाई. पडंल. आदी मला बसू द्या."

तिला जागा करून द्यायला बायका सरकल्या. ती खाली बसली, मांडी घातली, पदर मांडीवर पसरून हातानं नीट सारखा केला, आणि मग वर बघून म्हणाली, "द्या आता."